गिरधारीचं नाक

मुर्री,
५ ऑगस्ट २०२४

अनुसया,

तुयी तब्येत कशी आहे ते मागून विचारीन. आधी मायं ऐक. अन् नंदोईजी, तुये मालक, जवळ बसले असन तर कागद पदराखाली घे.

मी एका म्हाताऱ्याच्या नादी लागली.

खरं सांगून राहिली. हफ्त्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते पाच, मी त्याच्यासमोर बसतो. लाल कापडाचा ढगळ झगा, त्याले आतून केसाळ कातड्याचं अस्तर, पांढरे केस, अन् नजर खाली. मी तीन तास टक लावून पाहतो, पण त्यानं एकदाही मान वर करून माझ्याकडं पाहलं नाही. माया नवरा, म्हंजे तुया भाऊही असाच होता, पण तो निदान जेवाले तरी मांगे. आपला उमेंद्र मले गाडीवर बसवून त्याच्याजवळ सोडून येते. पोटचा पोरगा! अन् घरी आली की सून विचारते, "आई, आज बाबा कुठवर आले?" रिंकीले लाज नाही, मले तर कधीच नव्हती.

घाबरली? नंदोईजीले पाणी पाज अन् पुढं वाच. म्हातारा मरून पाचशे वर्ष झाले. तो चित्रातला आहे, इटली देशातला.

झालं असं. माई नात अंजू गोंदियाले चित्राच्या क्लासले जात होती. चार दिवस गेली अन् कंटाळली. रंगाच्या ट्यूबा तशाच पडल्या. एक दिवस मी एक उघडून वास घेतला. बाप्पा, काय वास! दुसऱ्या दिवशी मीच गेली. रंगाच्या दुकानावर माडी आहे, तिथं दुर्गेश्वरी मॅडम शिकवतात. वय असन अठ्ठावीस. नागपूरले शिकून आली. मले पाहून म्हणाली, "आजी, नातीले घ्याले आल्या का?" मी म्हटलं, नाही, नातीच्या जागी आली.

तिचा नेम कडक आहे. सहा महिने आपल्या मनचं काहीच काढाचं नाही. जुन्या मोठ्या कारागिराचं एक चित्र घ्याचं अन् जसंच्या तसं उतरवाचं. नक्कल करता करता हात शिकते, म्हणते. आपण नाही का शाळेत बाईच्या अक्षरावरून अक्षर गिरवत होतो, तसंच. तिनं एक जाडजूड पुस्तक पुढं टाकलं. त्यात देव्या होत्या, राण्या होत्या, गोऱ्या गोऱ्या, मोत्याच्या माळा घातलेल्या. मी म्हातारा घेतला. काऊन घेतला ते विचारू नको, आता सांगत नाही.

चित्र काढणाऱ्याचं नाव दोमेनिको गिरलांदायो. मले काही ते तोंडात बसत नाही, मी गिरधारी म्हणतो. म्हाताऱ्याचं नाव तर कोणालेच माहीत नाही, मंग तोही गिरधारीच. मॅडम म्हणते त्या काळी त्यानं रंग अंड्याच्या पिवळ्यात कालवले होते, आपण तेलात कालवाचे. अन् कोणतं तेल, सांग पाहू? जवसाचं! दुकानात बारक्याशा बाटलीत, वर बाहेरदेशाचं नाव. मी म्हटलं, मॅडम, हे तर आम्ही चटणीवर टाकून खातो.

तर तुयाकडचं लाकडी घाण्याचं जवसाचं तेल एक बाटली पाठव. फोन करत नाही, तुले ऐकू येत नाही, अन् मी ओरडली तर आख्खी मुर्री ऐकते. पत्रच बरं.

तुयी वयनी,
राजकुमारी (फक्त नावाची)


प्रतापगड,
१८ ऑगस्ट २०२४

वयनी,

तुयं पत्र ह्यायनं आधी फोडलं. "नादी लागली" इथपर्यंत वाचलं अन् चष्मा काढून बसले. म्हणे, अनुसया, थैली भर, मुर्रीले जा लागते. पुढचं मी वाचून दाखवलं तवा कुठं जेवले. चौसष्टची झाली तू. आता तरी माया नवऱ्याच्या काळजावर दया कर.

धानाचा रोवना आटोपला. कंबर अजून सरळ झाली नाही.

तेलाच्या दोन बाटल्या गावातल्या छोटेलालच्या हातून पाठवून राहिली, तो गोंदियाले येऊन राहिला. एक म्हाताऱ्यासाठी, एक उमेंद्रच्या चटणीसाठी. आदलबदल करू नको. तुया भरवसा नाही.

एक समजलं नाही. जे चित्र एकदा निघालं आहे ते परत काढाचं कायले? एक म्हातारा पुरत नाही का? अन् एवढ्या राण्या सोडून तू म्हाताऱ्यावर बोट ठेवलं, वरून सांगत नाही म्हणते. म्हंजे काहीतरी गोम आहे. सेहेचाळीस वर्षापासून ओळखतो तुले.

अनुसया


मुर्री,
२२ सप्टेंबर २०२४

अनुसया, अवं,

माणसाच्या गालात हिरवा रंग असते!

मले चौसष्ट वर्ष कोणी सांगतलंच नाही. आधी काताच्या कत्थई रंगानं नुसती सावली अन् उजेड लावाचा. मंग तोंडभर हिरवा. हो, हिरवा, पालकाच्या पाण्यासारखा. म्हातारा भूत दिसाले लागला. मी मॅडमले म्हटलं, हा तर मेल्यासारखा दिसते. ती म्हणे, "आजी, सबर करो." मंग त्यावर पातळ गुलाबी, पातळ पिवळा, एक थर वाळला की दुसरा. अन् तिसऱ्या थराले त्याच्या गालाखाली रक्त फिरलं. मी ब्रश खाली ठेवला अन् टाळ्या वाजवल्या. क्लासमधले सगळे पाहाले लागले. आता मी ज्याच्या त्याच्या गालात हिरवा शोधून राहिली. काल रिंकीच्या हनुवटीखाली सापडला. ती म्हणे, आई, माझ्याकडं असं पाहू नका, पोळी जळते.

त्याचा झगा लाल आहे ना, एक दिवस हात न धुता घरी आली. शेजारची सावित्रीबाई फाटकात उभी. माये दोन्ही हात कोपरापर्यंत लाल पाहून तिनं आधी कपाळाकडं पाहलं. मी म्हटलं, भिऊ नको बाई, कुंकू नाही लावलं, म्हाताऱ्याले कपडे घालून येऊन राहिली. तीन दिवस बोलली नाही. भलते चांगले गेले तीन दिवस.

आता गोम सांगतो.

म्हाताऱ्याचं नाक खराब आहे. गाठीगाठीचं, फुगलेलं, जसं पिकलेलं सीताफळ. कपाळावर मस आहे. चित्र उघडलं की आधी नाकच दिसते. मी पहिल्या दिवशी तुले सांगतलं नाही, लपवलं.

अन् मी काय केलं, माहीत आहे? सगळं तोंड जसंच्या तसं उतरवलं, अन् नाक काढलं सरळ, नीटस, आपल्या उमेंद्रसारखं. मले वाटलं, बिचारा पाचशे वर्ष असा बसला, माया हातून थोडं भलं होऊ दे. मॅडम आली. पाहलं. म्हणे, "आजी, ये कौन है?"

मी म्हटलं, गिरधारी.

"नहीं आजी. ये किसी और का ससुर है. नाक वापस लाओ."

मी भांडली. म्हटलं, आमच्याकडं असंच करतात. मामाजी, माये सासरे, वारले तवा त्यायचा फोटो गोंदियाले मोठा कराले दिला होता. फोटोवाल्यानं न विचारता त्यायचा तिरळा डोळा सरळ केला, केस काळे केले, अन् जन्मभर बंडी घालणाऱ्या माणसाले कोट चढवला. सगळे म्हणाले, छान दिसतात. एकटी माई नणंद फोटोसमोर उभी राहिली अन् म्हणाली, "कोट चांगला आहे. माया बाप कुठं आहे?"

मॅडम हसली नाही. म्हणे, "आजी, आपकी ननद मुझसे अच्छा सिखाती."

नाक खरवडाले घेतलं. दुकानातलं तेल असतं तर वाळून गोटा झालं असतं, पण तुया घाण्याच्या तेलानं पाच दिवस झाले तरी नाक ओलंच. पातं फिरवलं, निघून आलं. खाली नुसता हिरवा डाग.

मंग मी ते नाक काढाले बसली. आठ दिवस, अनुसया. एकेका गाठीले एका अंगानं उजेड, दुसऱ्या अंगानं सावली, अन् मधात राईएवढा पांढरा ठिपका. सतरा गाठी आहेत, मी मोजल्या. एक गाठ चुकली की शेजारची रुसते. अन् अकराव्या का बाराव्या गाठीले असं झालं की मले ते नाक खराब दिसाचं बंद झालं. नुसतं नाक, त्या माणसाचं. मूळ चित्रात त्याच्या छातीशी नातू आहे, तो वर तोंड करून आज्याकडं पाहते. मॅडमनं मले नातू सोडाले सांगतलं होतं, आधी म्हातारा जमू दे. मी म्हटलं, नाही, नातू पाहिजेच. तो नाकाकडं पाहतच नाही, आज्याकडं पाहते.

आता ऐक. मॅडम म्हणे, नक्कल झाली की जिता माणूस समोर बसवाचा. माया तोंडातून लगेच निघालं, माई नणंद. अवं, त्याच्यासाठीच तर मी पुस्तकातून हा म्हातारा निवडला होता! याचं नाक जमलं तर तुया चेहराही जमन. तुया गालावरचे देवीचे वण असेच आहेत, एकेकात एक सावली, एक उजेड. कोणत्याच राणीवर मले ते शिकता आलं नसतं!

भाऊबीजीले येशीनच, आठ दिवस जास्तीचे काढ. खुर्चीवर गादी टाकून देतो.

तुयी वयनी,
राजकुमारी


प्रतापगड,
४ ऑक्टोबर २०२४

वयनी,

पत्र भेटलं.

तुया म्हातारा सीताफळाच्या नाकाचा, अन् मी वणाची. बरी जोडी लावली.

मले देवी निघाल्या तवा मी नऊ वर्षाची होती. त्याच्या आधीचा माया फोटो नाही, नंतरचाही नाही. माया लग्नात फोटोवाला बोलावलाच नाही, बिजवराच्या लग्नात कायचा फोटो. एक आधार कार्डावर आहे. त्यात मशिनीनं सगळं पुसून टाकलं आहे, अन् मले तोच आवडते.

तुले शिकाचं असन तर सीताफळ घेऊन बस, बाजारात येऊन राहिले. माया तोंडावर शिकू नको.

धान निसवला आहे, रानडुकरायपासून राखण आहे. भाऊबीजीचं काही सांगता येत नाही.

अनुसया


मुर्री,
१० नोव्हेंबर २०२४

अनुसया,

तू आली नाही.

मधात मी दोन पत्रं टाकली, दोन्हीत थट्टाच होती, म्हणून तू उत्तर दिलं नसशीन. बरं केलं. पण भाऊबीजीले येशीन असं मले वाटलं होतं. तुया भाऊ गेला तवापासून तू उमेंद्रलेच ओवाळत होती. या सालाले तो आंघोळ करून, नवा कुर्ता घालून फाटकात उभा. बारा वाजले, एक वाजला. मंग रिंकी म्हणे, आत या. त्यानं विचारलं, "आई, तू आत्याले काही बोलली का?" मी म्हटलं, हव, बोलली.

पण जे बोलली ते मागच्या पत्रात नाही. सेहेचाळीस वर्षाआधी बोलली होती. ते आता लिहितो. रिंकी भाजी घेऊन येईपर्यंत लिहून झालं पाहिजे, नाहीतर राहून जाईन.

माया लग्नाचा मांडव. गोंदियाहून फोटोवाला आला होता, तीन पायाची लाकडी घोडी घेऊन, डोक्यावर काळं कापड. त्याच्याजवळ घरच्या लोकायसाठी एकच फोटो होता. सगळे रांगेत उभे राहिले. तू माया बाजूले होती. पिवळं पोलकं, अन् तू माया शेला धरून ठेवला होता, तो घसरून राहिला होता म्हणून. मी सासूबाईच्या कानात म्हटलं, "हिले बाजूले करा. फोटो एकच आहे."

सासूबाई म्हणाल्या, "अनुसया, आतून पाण्याचा तांब्या आण." तू गेली. तू येईपर्यंत फोटो निघाला. अन् तू तांब्या आणून आधी मलेच पाणी पाजलं.

मी अठराची होती, सातवी पास, अक्कल पहिलीची. पण हे काही कारण नाही. तुले वाटत असन आईनंच हकललं. आई तर गेली, तिच्या डोक्यावर मी हे ठेवून राहिली इतके साल. तो फोटो माया पेटीत आहे. त्यात माया शेला घसरलेला दिसते, कारण धरणारं कोणी नाही.

म्हणून मले तुयं चित्र काढाचं होतं. म्हाताऱ्याचं नाक मी तुले जोडीले बसवाले नाही घेतलं. मले पाहता येत नव्हतं, ते शिकाले घेतलं. अन् पहिल्याच फटक्यात मी त्या बिचाऱ्याचंही नाक पुसून टाकलं, पाहलं ना? चौसष्टव्या सालीही हात तेच कराले गेला.

चित्र झालं. मॅडमनं खूब वेळ पाहलं अन् म्हणे, "आजी, अब नाक नाक है." ती मंग खाली गेली, दुकानदाराले वर घेऊन आली, तो म्हणे "एक लाख का है ये तो", अन् मी त्याले म्हटलं, मंग दे. पळाला. मले इतकं नाचावंसं वाटलं, अनुसया, की मी खरंच नाचली, जिन्यावर, रेलिंग धरून. सगळ्यात आधी तुले दाखवाचं होतं.

तर उमेंद्रच्या हातून ते चित्र तुले पाठवून राहिली. घरात लाव, नाहीतर कोठ्यात लाव, म्हशीले दाखव. बोट लावू नको, नाक अजून ओलं आहे.

तुले मी बसवत नाही. मॅडमनं विचारलं, ननद कब आएँगी? मी म्हटलं, मले माहीत नाही. ती म्हणे दुसरं कोणी आणा, तर सध्या चुन्नीलाल किराणावाला येऊन बसते. पाच मिनिटात झोपते. त्याच्या झोपलेल्या तोंडाचीच प्रॅक्टिस करून राहिली.

उत्तर दिलं नाही तरी चालन. वाचलं असं उमेंद्रजवळ सांग.

राजकुमारी


प्रतापगड,
१२ जानेवारी २०२५

वयनी,

धान चुरून झाले, मळणी आटोपली. आता हात मोकळा झाला तर लिहाले बसली.

तांब्याचं मले माहीत होतं.

तू आईच्या कानात बोलली, पण हळू बोलणं तुले तवाही येत नव्हतं. अन् तवा माये कान शाबूत होते. मी आत गेली, तांब्या भरला, अन् दाराच्या मागं उभी राहिली. फोटो निघाला असं ऐकू आलं तवाच बाहेर आली. आधी आली असती तर तुमचं सगळ्यायचं तोंड पाहा लागलं असतं.

तू सांगशीन म्हणून मी वाट पाहली. दोन साल, तीन साल. मंग तुले उमेंद्र झाला, मले पोरी झाल्या, तू थट्टा करत राहिली अन् मी हसत राहिली. मंग मले वाटलं, हे विसरली असन. विसरली असन याचाच मले जास्त राग होता. तू विसरली नव्हती, हे आता कळलं. राग गेला असं लिहीत नाही. अर्धा आहे. तू इकडं आली की अर्ध्या रागाचं काय कराचं ते पाहू, खूब कामं आहेत घरात.

तुया म्हातारा आणला उमेंद्रनं. मी धानाच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून ठेवला. चार दिवसानं ह्यायनं काढला अन् ओसरीत टांगला. मले म्हणाले, पाहुण्याले अंधारात ठेवत नाही. तवापासून गावाले धंदा झाला. जो येते तो विचारते, हा कोण? पहिल्या दिवशी शेजारचे मनीरामजी आले, मी म्हटलं, माया वयनीचा यार. ते चहा न घेता गेले. संध्याकाळी त्यायची बायको पाहाले आली.

सगळे आधी नाकच पाहतात. बाया तोंडाले पदर लावून हसतात. पण एक गोष्ट पाहली मी. दुसऱ्यांदा येतात तवा नाकाचं कोणी बोलत नाही. म्हणतात, झगा भारी आहे. म्हणतात, पोट्टं कसं आज्याकडं पाहून राहिलं. जमुनाबाई तर रोज येते अन् म्हाताऱ्याशी आपल्या सुनेची तक्रार करते. मी सांगतलं, तो इटलीचा आहे, त्याले समजत नाही. म्हणे, ऐकून तर घेते.

मलेही आधी नाकच दिसत होतं. तुया राग होता म्हणून मी मुद्दाम तेच पाहत होती. मंग मकरसंक्रांतीचे तीळ निवडत ओसरीत बसली होती, पाच-सहा दिवस, समोर तोच. त्या गाठीवरचे पांढरे ठिपके. तू म्हटलं तसेच, राईएवढे. एक ठिपका तू चुकवला आहे, डाव्या नाकपुडीवर, तिथं उजेड येत नाही. इकडं येऊन दुरुस्त कर, नाहीतर मॅडमले विचार.

काल दुपारी हे शेतात गेले. मी ह्यायची दाढीची आरसी घेतली अन् दारात उजेडात बसली. मी रोज आरशात भांग पाहतो, कुंकू पाहतो. तोंड नाही पाहत. कोणत्या सालापासून पाहलं नाही ते आठवत नाही. काल पाहलं. वयनी, एकेका वणात खरंच सावली असते. आरसी इकडं फिरवली की सावली तिकडं जाते. मी खूब वेळ फिरवत बसली. दूध उतू गेलं.

चुन्नीलालले सांग दुकान सांभाळ.

मी येऊन राहिली. पुढच्या महिन्यात महाशिवरात्रीची जत्रा आहे, तवा इकडं घर पाहुण्यायनं भरते, त्याच्या आधी. अर्जुनीवरून सकाळच्या गाडीनं येईन, उमेंद्रले टेसनवर पाठव. आठ दिवस राहीन. साडी कोणती नेसाची ते मी ठरवीन, तू नाही. पावडर लावणार नाही. बसल्यावर माझ्याशी बोलू नको, मले ऐकू येत नाही, मी तुयं तोंड पाहाले वळीन अन् तुया उजेड बिघडन. अन् नाचू नको, पडशीन.

ह्यायले विचारलं, कोणत्या अंगानं बसू? म्हणे, उजवा गाल बरा आहे. डाव्या गालावर वण जास्त आहेत, वयनी. खिडकी डाव्या अंगाले येईन अशी खुर्ची ठेव.

अनुसया